शिवसागर : पाण्याखालची वाट, पाण्यावरची वाट



मेढा गाव वेण्णेच्या खोऱ्यात वसलेले आहे. येथून कोयना दिसत नाही; मध्ये सह्याद्रीची एक मोठी सोंड आडवी येते. तरीही जावळी तालुक्याचा पश्चिमेकडील भाग त्या सोंडेपलीकडे, कोयनेच्या काठाला आहे. तेथील शेतकऱ्याला सातबाऱ्याचा उतारा हवा असला किंवा पंचायत समितीत अर्ज द्यावयाचा असला, की डोंगर ओलांडून त्याला मेढ्यालाच यावे लागते. म्हणून शिवसागराची कथा ही पाटण तालुक्याइतकीच मेढ्याचीही कथा आहे.

कोयना महाबळेश्वराच्या पठारावर उगम पावते आणि डोंगररांगांच्या बेचक्यातून सरळ दक्षिणेकडे हेळवाकपर्यंत जाते. तेथे ती पूर्वेकडे वळते व कराडला कृष्णेस मिळते. हेळवाकच्या वळणापर्यंतचे हे खोरे अरुंद, खोल आणि घनदाट झाडीचे. चंद्रराव मोऱ्यांची जावळी ती हीच. १६५६ साली शिवाजी महाराजांनी ती स्वराज्यात आणली. याच रानात उभ्या असलेल्या वासोट्याला महाराजांनी व्याघ्रगड हे नाव दिले, आणि ते नाव किती सार्थ होते हे तेथील जंगल पाहिले की पटते. खोऱ्याच्या तळाशी नदीकाठाने भातखाचरे होती, वरच्या उतारावर नाचणी आणि वरी. गावागावांना जोडणाऱ्या पायवाटा नदीच्या काठाकाठाने जात.

या नदीवर वीज निर्माण करता येईल हा विचार जुना आहे. टाटांच्या कंपनीने पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात येथे पाहणी केली होती. प्रत्यक्ष धरणाचे काम स्वातंत्र्यानंतर, १९५० नंतरच्या दशकात उभे राहिले. पूर्वेकडे जाणारे पाणी अडवायचे, सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेकडे न्यायचे आणि पोफळीच्या भूमिगत वीजगृहात उंचावरून सोडायचे, अशी ही योजना. वीज निर्माण करून झालेले पाणी वाशिष्ठीच्या वाटेने चिपळूणवरून अरबी समुद्राला जाते. १९६२ साली पहिली वीज मिळाली. कोयनेला महाराष्ट्राची भाग्यलक्ष्मी म्हणतात ते या विजेमुळे. सुमारे १०३ मीटर उंचीच्या त्या भिंतीमागे आज १०५ अब्ज घनफुटांपर्यंत पाणी साठते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपात सुमारे १८० माणसे दगावली. भिंतीला तडे गेले, पण ती टिकली. पुढे ती अधिक बळकट करण्यात आली.

भिंतीमागे साठलेल्या या पाण्याला शिवसागर हे नाव मिळाले. खोरे दक्षिणोत्तर व चिंचोळे असल्याने तलावही तसाच लांबट झाला. भिंतीपासून तो थेट तापोळ्यापर्यंत पसरला, सोळशी आणि कांदाटी या उपनद्यांच्या खोऱ्यांतही शिरला. नदीकाठची भातखाचरे आणि त्यांच्या कडेने जाणाऱ्या वाटा पाण्याखाली गेल्या. शंभराच्या आसपास गावांना याची झळ लागली. कित्येक कुटुंबे ठाणे, रायगड, रत्नागिरी, सोलापूर, सांगली अशा दूरच्या जिल्ह्यांत गेली. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा १९७६ सालचा. म्हणजे कोयनेचे लोक उठले तेव्हा तो नव्हताच. त्यांच्या जमिनीचा प्रश्न पुढच्या पिढ्यांपर्यंत रेंगाळला, हे स्पष्टपणे मान्य केले पाहिजे. मेढ्याच्या लोकांना हे दुःख परके नाही. पुढे वेण्णेवर कण्हेर धरण झाले, तेव्हा या खोऱ्यातील गावांनीही तेच अनुभवले.

जे गेले नाहीत ते वर सरकले. डोंगराच्या उतारावर नवी घरे झाली, पण समोरच्या गावाला जाण्याची वाट मात्र राहिली नाही. जेथे पूर्वी नदी उतरून पलीकडे जाता येत असे, तेथे आता लाँचची वाट पाहावी लागू लागली. बाजार, शाळा, दवाखाना, लग्नाचे वऱ्हाड, सारेच पाण्यावरून. गाड्या नेण्यासाठी तराफा आला. पावसाळ्यात वारा आणि धुके वाढले की लाँच थांबते, आणि बाळंतपणासाठी निघालेली बाई काठावरच बसून राहते. घरातील कर्ता पुरुष बहुधा मुंबईत. या खोऱ्याने मुंबईला वीज दिली आणि माणसेही दिली.

मग पर्यटक आले. कास पठार ओलांडून बामणोलीला, महाबळेश्वराकडून तापोळ्याला. तापोळ्याला तर कोणी हौसेने ‘मिनी काश्मीर’ म्हणू लागले. (काश्मीर न पाहिलेल्यांनीच हे नाव दिले असावे, तापोळ्याचे सौंदर्य स्वतःचे आहे, त्याला उसन्या नावाची गरज नाही.) ज्या तरुणांचे बापजादे होडी वल्हवून पलीकडे जात, त्यांनी बोट क्लब काढले. बामणोलीहून बोटीने मेट इंदवलीला उतरायचे आणि रानातून वासोटा चढायचा, ही आता राज्यभरातील दुर्गप्रेमींची आवडती वाट आहे. कोयना अभयारण्य १९८५ साली जाहीर झाले आणि २०१० साली ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले. त्यामुळे वासोट्याला जाण्यापूर्वी वनखात्याकडे नोंद करावी लागते, प्लॅस्टिकच्या वस्तूंची मोजदाद होते आणि दिवस मावळण्याच्या आत परतावे लागते. पावसाळ्यात गड बंद असतो. हे नियम योग्यच आहेत. मात्र धरणामुळे वर सरकलेल्या काही वस्त्यांना अभयारण्यासाठी पुन्हा उठावे लागले, हेही विसरून चालणार नाही.

अलीकडे शासनाने जावळी तालुक्यातील मुनावळे येथे जलपर्यटनाचे मोठे केंद्र उभारले. २०२४ साली ते सुरू झाले. यांत्रिक बोटी, पाण्यावरील खेळ अशी त्याची योजना आहे. तालुक्यात रोजगार यावा म्हणून अशा केंद्राचे स्वागतच करावे. परंतु त्याचा हिशेब केवळ तिकिटांच्या विक्रीवर मांडता येणार नाही. किती स्थानिक मुले तेथे चालक, जीवरक्षक, व्यवस्थापक झाली? काठावरील घरांतून पाहुण्यांना भाकरी-पिठले वाढणाऱ्या बायकांच्या हाती किती पैसा आला? जुन्या बोट क्लबांचे उत्पन्न वाढले की घटले? या प्रश्नांची उत्तरे दरवर्षी ग्रामसभेपुढे आली पाहिजेत. पाण्यासाठी जमीन दिलेल्यांना पाण्यावरच्या धंद्यात पहिला हक्क मिळणे ही मेहेरबानी नव्हे.

उन्हाळ्यात जलाशय उतरतो. मे महिन्यात काठावर जुने बांध उघडे पडतात, आणि म्हातारी माणसे नातवंडांना बोटाने दाखवतात, ‘ते आपलं खाचर.’ त्याच वेळी सुट्टीतील पर्यटकांची बोट त्या बांधावरून फेरी मारून जाते. तापोळा व अहिर यांना जोडणाऱ्या मोठ्या पुलाचे काम शासनाने हाती घेतले. असे पूल झाले म्हणजे लाँच हौसेसाठी उरेल आणि बाळंतीण रस्त्याने दवाखान्यात पोचेल. तोवर बामणोलीच्या धक्क्यावर सकाळची पहिली बोट गावकऱ्यांची असावी. पर्यटकांनी दुसरीत बसावे.