साक्षीदार नागरिक आणि राष्ट्रीय तपास संस्था



येरवड्यातून बंडगार्डनचा पूल ओलांडला की कोरेगाव पार्क लागतं. १३ फेब्रुवारी २०१० रोजी, शनिवारी संध्याकाळी सातच्या सुमारास, तिथल्या जर्मन बेकरीत स्फोट झाला. सतरा माणसं प्राणाला मुकली, पन्नासहून अधिक जखमी झाली. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर ३१ डिसेंबर २००८ च्या कायद्याने जन्माला आलेली राष्ट्रीय तपास संस्था, म्हणजे एनआयए, तेव्हा जेमतेम वर्षाची होती.

त्याच दिवशी दगडूशेठ हलवाई गणपतीच्या मंदिराजवळही बॉम्ब ठेवण्याचा प्रयत्न झाला होता, असं तपास यंत्रणांनी पुढे सांगितलं. तिथल्या एका फूलविक्रेत्याने अनोळखी तरुणाची पिशवी ठेवून घ्यायला नकार दिला आणि तो बेत फसला, असं त्यांचं म्हणणं. या प्रकरणात पकडलेल्या संशयिताचा ८ जून २०१२ रोजी इथल्याच येरवडा कारागृहात खून झाला. अतिसुरक्षा विभागात! यंत्रणांचं म्हणणं खरं असेल, तर विक्रेत्याने आपलं काम चोख केलं. संशयिताला जिवंत न्यायालयापर्यंत नेणं हे सरकारचं काम होतं. ते झालं नाही, आणि त्याच्यावरचे आरोप खटल्यात कधीच पारखले गेले नाहीत. जनतेने यंत्रणेशी सहकार्य कसं करावं, हा प्रश्न एकट्या जनतेला विचारून भागत नाही, तो यामुळे.

एनआयएचं ठाणं गल्लीत नसतं. गुन्हा बहुधा स्थानिक पोलीस ठाणंच नोंदवतं. कायद्याच्या सहाव्या कलमानुसार ठाण्याकडून अहवाल राज्य सरकारकडे जातो, तिथून केंद्राकडे, आणि तपास एनआयएकडे द्यायचा की नाही हे केंद्राने पंधरा दिवसांत ठरवायचं असतं. म्हणजे नागरिकासाठी जवळचं दार आपल्या हद्दीतल्या ठाण्याचंच. जुलै २०२३ मध्ये कोथरूड पोलिसांच्या गस्तीवरच्या शिपायांनी दुचाकीचोरीच्या संशयावरून दोघांना पकडलं. ते निघाले राजस्थानातल्या प्रकरणात एनआयएला हवे असलेले आरोपी, प्रत्येकावर पाच लाखांचं इनाम असलेले. कोंढव्यात ते भाड्याच्या घरात राहत होते. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणं घरमालकांना कटकटीचं वाटतं, पण तिचं मोल अशा वेळी कळतं.

मुंबईवरच्या हल्ल्यासाठी टेहळणी करणारा डेव्हिड हेडली २६ नोव्हेंबर २००८ च्या त्या हल्ल्याआधी आणि नंतरही पुण्यात येऊन कोरेगाव पार्कमध्ये राहून गेला. त्याच्याजवळ अमेरिकी पारपत्र होतं. परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांत ती नोंद यंत्रणेला कळवावी लागते. एखाद्या लॉजच्या नोंदवहीतली ओळ पुढे तपासाचा धागा ठरू शकते, म्हणून ती अचूक हवी. मात्र अचूक नोंद करणं वेगळं आणि आडनाव, दाढी किंवा बोली पाहून संशय घेणं वेगळं. कळवायची ती कृती, जात-धर्म नव्हे.

माहिती दिल्यानंतरचा टप्पा अधिक अवघड. तिथे माणसं मागे सरतात, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्यांचे हक्क त्यांना कुणी सांगितलेलेच नसतात. नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार साक्षीदाराला लेखी आदेशानेच बोलवावं लागतं. स्त्रिया, साठीच्या पुढचे पुरुष, दिव्यांग आणि गंभीर आजारी यांना ठाण्यात बोलवता येत नाही. त्यांचा जबाब त्यांच्या घरी घ्यायचा असतो. पोलिसांसमोरच्या जबाबावर साक्षीदाराची सही घेतली जात नाही. एनआयए कायद्याचं सतरावं कलम साक्षीदाराची ओळख गुप्त ठेवण्याची मुभा विशेष न्यायालयाला देतं. दुकानातलं सीसीटीव्ही चित्रण तर काही दिवसांत पुसलं जातं. ते वेळीच जपून प्रमाणपत्रासह दिलं नाही, तर न्यायालयात टिकणं कठीण.

जबाब खरा आणि दबावाविना दिलेला हवा, कारण तपासाचे निष्कर्ष पुढे न्यायालयात उलटू शकतात. जर्मन बेकरी खटल्यात २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने एका आरोपीला फाशी सुनावली. मार्च २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कटाच्या आरोपांतून त्याची सुटका केली. स्फोटकं बाळगल्याची शिक्षा मात्र कायम राहिली. मालेगावात ८ सप्टेंबर २००६ च्या स्फोटांनंतर राज्याच्या पथकाने नऊ मुस्लिम पुरुषांना अटक केली. त्यांतल्या बहुतेकांनी पाच वर्षं तुरुंगात काढली. पुढे एनआयएने वेगळ्याच गटावर आरोपपत्र ठेवलं आणि २०१६ मध्ये न्यायालयाने त्या पुरुषांना दोषमुक्त केलं. जुना तपास पुन्हा उलटून पाहण्याची ही तयारी नव्या संस्थेच्या जमेची बाजू आहे. त्याच संस्थेकडे जानेवारी २०२० मध्ये पुणे पोलिसांकडून एल्गार परिषदेचा खटला गेला आणि आरोपींना निकालाविना वर्षानुवर्षं कोठडीत राहावं लागलं, हेही तितकंच खरं. अशा दिरंगाईने साक्षीदारांच्या आठवणी पुसट होतात आणि लोकांचा विश्वास आटतो.

तेव्हा इथे जमलेल्या वकिलांना एक विनंती. येरवडा, विमानतळ आणि कोरेगाव पार्क या ठाण्यांच्या हद्दीत जबाबासाठी बोलावणं आलेल्या प्रत्येक नागरिकाला मोफत सल्ला मिळेल, अशी पाळी आपसांत लावून घ्या. पोलीस अधिकाऱ्यांनी साक्षीदाराच्या हक्कांचा मराठी फलक ठाण्याच्या दर्शनी भागात लावावा. आणि पत्रकारांनी अटकेची बातमी ज्या पानावर छापली, त्याच पानावर निर्दोष सुटकेचीही छापावी.