भुंकू द्या त्याला



पूर्व फिनलंडमध्ये, योएन्सू शहराच्या बाहेर आम्ही राहतो आणि आमच्या घरी करेलियन बेअर डॉग आहे हे कळलं, की आपल्याकडची मंडळी मला दोन प्रश्न हमखास विचारतात. चावतो का? आणि त्याचं भुंकणं बंद करता येतं का? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. माणसावर धावून जाणं हा या जातीत दोषच धरतात, असा कुत्रा पैदाशीला घेत नाहीत. दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र मला आजची सगळी मिनिटं लागणार आहेत, कारण तो प्रश्न ऐकला की माझा जीव तुटतो.

कुत्रा कसा दिसतो ते थोडक्यात सांगते. काळाभोर, छातीवर आणि पायांवर पांढरा, कान उभे, शेपूट पाठीवर वळलेली. नर खांद्यापाशी सत्तावन्न सेंटिमीटर, वजन पंचवीस ते अठ्ठावीस किलो. म्हणजे आपल्या गल्लीतल्या धष्टपुष्ट कुत्र्याएवढाच. आणि याने काम करायचं कोणापुढे? अस्वलापुढे. नाहीतर मूसपुढे, म्हणजे तिकडच्या त्या प्रचंड सांबरापुढे. पूर्ण वाढलेला नर चारशे किलोच्याही वर जातो. आता तुम्हीच सांगा, एवढासा कुत्रा चावून काय करणार? तो चावत नाही. तो भुंकतो.

आपल्याकडे ज्वारी हुरड्यात आली की शेतात माळा बांधतात. त्यावर राखणदार बसतो. रात्रभर आरोळ्या देतो, डबा बडवतो. रानडुकरांचा कळप आला तर तो काही खाली उतरून डुकराशी झोंबत नाही. त्याचा आवाज हेच त्याचं काम. वस्तीवर पडलेला मालक त्या आवाजावरून झोपेतही ओळखतो, की ही नुसती जागं असल्याची आरोळी आहे, की खरोखर कळप बांधावर आलाय. करेलियन कुत्रा म्हणजे असा माळ्यावरचा राखणदार. एवढं एक ध्यानात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच आहे.

ऑक्टोबरमध्ये मूसची शिकार सुरू होते. आमचे शेजारी जुने शिकारी आहेत, मुलं त्यांना आजोबाच म्हणतात. पहाटे ते आमच्या कुत्र्याला, मुस्तीला, जंगलात मोकळा सोडतात. गळ्यात जीपीएसचा पट्टा असतो. मुस्ती माग काढत जातो तो अगदी मुकाट. तासभर आवाज नाही. आणि मग लांबून, दीड-दोन किलोमीटरवरून, भुंकणं सुरू होतं. त्याने मूस गाठलेला असतो. तो त्याच्या पुढ्यात नाचतो, बगल देतो, खुरांच्या टप्प्यातून निसटतो आणि भुंकत राहतो. मूसचं सगळं लक्ष या भुंकणाऱ्यावर खिळतं आणि ते जागचं हलत नाही. आजोबा डोळे मिटून ऐकतात. भुंकणं एका ठेक्यात चाललंय, म्हणजे जनावर उभं आहे. ठेका तुटला, म्हणजे ते हललं. पुन्हा लागला, म्हणजे पुन्हा अडवलं. मग आजोबा वाऱ्याच्या उलट्या दिशेने, पाऊल न वाजवता पुढे सरकतात. कधी पोचायला तासन्‌तास लागतात. तोवर कुत्रा भुंकतोच आहे. एकटा. कोणाच्या हुकमाशिवाय. फिनलंडमध्ये या कुत्र्यांच्या रीतसर परीक्षा होतात, त्यात जनावर कसं शोधलं, कसं अडवलं आणि कसा, किती वेळ भुंकला याला गुण असतात. ऐकताय ना? भुंकण्याला गुण.

आणि ही जात आज आहे तीच मुळात नशिबाने. लाडोगा सरोवराभोवतीच्या करेलियात असे कुत्रे पूर्वीपासून होते, खारीपासून अस्वलापर्यंत सगळ्या शिकारीला नेत. 1936 मध्ये फिनलंडमध्ये त्यांची पद्धतशीर पैदास सुरू झाली. तीन वर्षं होतात न होतात तोच सोव्हिएत संघाशी युद्ध पेटलं. करेलियाचा मोठा भाग गेला, चार लाखांहून जास्त माणसं घरंदारं सोडून पश्चिमेकडे निघाली. कुत्रे बहुतेक तिथेच संपले. जे चाळीसएक वाचले, त्यांच्यापासून आजची जात उभी राहिली असं सांगतात. 1945 मध्ये जातीचं पहिलं प्रमाण ठरलं, पुढच्या वर्षी पहिली नोंदणी झाली. ज्या माणसांना स्वतःच्या डोक्यावर छप्पर नव्हतं, त्यांनी हे कुत्रे जपले. दिसायला देखणे म्हणून नव्हे. त्या आवाजासाठी.

राखण म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे फाटकाशी गुरगुरणारा कुत्रा येतो. ते डोक्यातून काढा. अमेरिकेत कॅरी हंट नावाच्या जीवशास्त्रज्ञ बाईंनी 1996 मध्ये विंड रिव्हर बेअर इन्स्टिट्यूट काढली. वस्तीत, कचऱ्याच्या डब्यांपाशी अस्वल यायला लागलं की एरवी शेवटी त्याला गोळी घालतात. या बाई करेलियन कुत्रे घेऊन गेल्या. कुत्रे भुंकून भुंकून अस्वलाला असं हैराण करतात, की माणसाच्या घराजवळ हा त्रास होतो हे त्याच्या डोक्यात पक्कं बसतं आणि ते पुन्हा जंगल धरतं. वॉशिंग्टन राज्याच्या वन्यजीव खात्यातही हे कुत्रे असतात. जपानमध्ये कारुइझावा नावाचं थंड हवेचं गाव आहे, तिथेही 2004 पासून हेच काम चालतं. म्हणजे राखण कोणाची झाली? माणसाची तर झालीच, अस्वलाचीही झाली. माळ्यावरच्या आरोळीने पीक वाचतं आणि डुक्करही जिवंत परत जातं, तसंच हे. आणि हे सगळं कशाने? भुंकण्याने. मी तेच तेच सांगतेय, मला कळतंय, पण हे ऐकून न ऐकल्यासारखं होतं म्हणून सांगतेय.

आता घरात तो कसा असतो? शांत. खरंच शांत. घरच्या माणसांवर अतोनात जीव, पाहुण्यांशी जरा अंतर ठेवून. दुसऱ्या कुत्र्यांशी, विशेषतः नराशी नराचं, पटत नाही, म्हणून रस्त्यात सांभाळावं लागतं. हाक मारली की लगेच येईल असं समजू नका, आधी स्वतः विचार करील. जंगलात एकट्याने निर्णय घ्यायला पिढ्यान्‌पिढ्या घडवलेला कुत्रा आहे तो. कुंपण कमकुवत असेल तर ते त्याला तुमच्या आधी कळतं. फिनलंडच्या कायद्याने 1 मार्च ते 19 ऑगस्ट कुत्रा रानात मोकळा सोडता येत नाही, पक्ष्यांच्या-जनावरांच्या पिलांचा काळ असतो तो. ते महिने कठीण. रोज लांब दोरीवर मैलोन्‌मैल चालवावा लागतो, वासाचे खेळ द्यावे लागतात, हरणाचं कातडं ओढत नेऊन माग काढायला लावावा लागतो. आम्ही याच्यासाठी शहरातली जागा सोडून बाहेर राहायला गेलो. भुंकला तर शेजारी वैतागू नयेत म्हणून. कुत्र्याला मुका करण्यापेक्षा घर बदलणं आम्हाला सोपं वाटलं.

आणि इथेच माझा राग आहे. भारतात आले की कोणीतरी सांगतं, फार्महाउसच्या राखणीला तसलं एक पिल्लू पाठव. अहो, दुहेरी केसांचा कुत्रा तो, उणे पंचवीसमध्ये बर्फात मजेत झोपणारा. विदर्भातल्या मे महिन्यात त्याचं काय होईल? पुण्या-मुंबईत सायबेरियन हस्की एसीच्या खोलीत बसलेले मी पाहिलेत, त्यांचे डोळे पाहवत नाहीत. बरं, उन्हाचं एक वेळ बाजूला ठेवू. पिल्लू मागणारेच पुढे विचारतात, भुंकला तर सोसायटी तक्रार करील, गळ्याला शॉक देणारा पट्टा बसवू का?

त्या माळ्यावरच्या राखणदाराला तुम्ही शेतातून उचललंत, सातव्या मजल्यावर आणून बसवलंत. ना ज्वारी, ना डुक्कर. आवाज तर त्याच्या गळ्यात आहेच. मग तो लिफ्टच्या दाराला आरोळी देणार, डिलिव्हरीच्या पोराला देणार, वरच्या मजल्यावरच्या पावलांना देणार. आणि तुम्ही त्याच्या तोंडावर हात दाबणार. यात चूक कोणाची? त्याची नक्कीच नाही.

म्हणून सांगते, भुंकू द्या त्याला. जिथे भुंकता येणार नाही तिथे तो आणूच नका. फिनलंडमधले चांगले पैदासकार पिल्लू देण्याआधी विचारतात, शिकार करता का? जंगल किती लांब आहे? शेजारघर किती लांब आहे? उत्तर पटलं नाही तर पैसे पुढे केले तरी पिल्लू देत नाहीत. आपल्याकडेही कुठल्याही जातीचं पिल्लू विकताना असे तीन प्रश्न विचारले जायला हवेत, आणि विचारत नसतील तर घेणाऱ्याने स्वतःला…

स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण झाली. लांडग्यांबद्दल सांगायचं राहिलं. तिकडे शिकारी कुत्र्यांवर लांडगे हल्ला करतात, म्हणून आता कुत्र्यांना संरक्षक जाकीट घालतात, आणि त्यावरून गावागावांत लांडग्याच्या बाजूचे आणि कुत्र्याच्या बाजूचे असे वाद पेटलेत. दोघांचंही म्हणणं ऐकण्याजोगं आहे. ते पुन्हा कधी बोलावलंत तर.