चष्म्याच्या दुकानातील दोन भागीदार

दमणगंगेकाठचे सिल्वासा हे आज कारखान्यांचे शहर म्हणून ओळखले जाते. अशा ठिकाणी काचा व फ्रेमींचा व्यापार जाणणारा ऑप्टिशियन आणि नजर तपासून नंबर काढणारा ऑप्टोमेट्रिस्ट एकत्र येऊन दुकान काढतात, तेव्हा एकाचे भांडवल व दुसऱ्याची विद्या यांचा चांगला मेळ बसतो. कामे वेगळी असल्यामुळे जबाबदारीही वेगळी राहील, असे मात्र उभयतांना वाटत असते. कायदा तसे मानीत नाही.

दादरा व नगर हवेली १९५४ साली पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाली, १९६१ साली भारतात विलीन झाली आणि १९६३ च्या विनियमाने अनेक भारतीय कायदे तेथे लागू झाले. १९३२ चा भागीदारी कायदा त्यांपैकीच एक होय. त्याच्या २५ व्या व २६ व्या कलमांचा आशय असा की, धंद्याच्या ओघात एका भागीदाराच्या हातून चूक घडून गिऱ्हाइकाचे नुकसान झाले, तर भरपाई दुसऱ्याकडूनही, आणि ती संपूर्ण, मागता येते. समजा, काचबिंदूची शंका यावी अशी चिन्हे दिसत असूनही ऑप्टोमेट्रिस्टने रोग्यास डॉक्टरांकडे धाडले नाही. ज्याने आयुष्यात कधी कोणाचे डोळे तपासले नाहीत, त्या ऑप्टिशियनचे घरही त्या दाव्यात अडकू शकते. भागीदारीपत्रात ‘ज्याची चूक त्याची भरपाई’ असे लिहिता येते. परंतु ते कलम त्या दोघांपुरते, गिऱ्हाइकावर बंधनकारक नाही.

म्हणूनच व्यावसायिक उत्तरदायित्वाचा विमा केवळ ऑप्टोमेट्रिस्टच्या नावे उतरविणे पुरेसे नव्हे. विमापत्रात पेढीचे व दोन्ही भागीदारांचे नाव हवे, तपासणी आणि चष्मा बनविणे ही दोन्ही कामे त्यात नमूद हवीत. शिवाय अशा विम्यात बहुधा दावा ज्या मुदतीत दाखल होतो त्या मुदतीचे विमापत्र पाहिले जाते. हप्ता चुकला की जुन्या तपासणीचे संरक्षणही जाण्याचा संभव असतो.

नोंदणीची गोष्ट थोडक्यात सांगण्याजोगी आहे. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्यान्वये काही कामांवर कामगारांच्या डोळ्यांस संरक्षण पुरविणे भाग होते, आणि असा माल दुकानदार उधारीवर पुरवितात. पेढी नोंदलेली नसेल, तर ६९ व्या कलमामुळे बुडालेल्या बिलासाठी कारखान्यावर दावा लावता येत नाही. नोंदणीचे किरकोळ शुल्क वाचवून केवढा हा तोटा!

सर्वांत नाजूक प्रश्न मृत्यूचा. ‘एकाच्या निधनानंतर पेढी चालू राहील’ असे वाक्य अनेक करारांत आढळते. परंतु भागीदार दोनच असतील, तर एकाच्या मृत्यूबरोबर पेढी संपते; उरलेल्या एकट्याची भागीदारी होऊच शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने गोविंदराम शुगर मिल्सच्या प्राप्तिकर खटल्यात १९६५ साली हेच स्पष्ट केले. वारसांशी नवा करार करता येतो. पण ऑप्टोमेट्रिस्टच्या वारसास नंबर काढता येईलच असे नाही. हिशेब न मिटविता दुसऱ्याने दुकान चालविले, तर वारसांना नफ्याचा वाटा किंवा हिश्शाच्या रकमेवर सालिना ६ टक्के व्याज मागता येते. अशा वेळी दुकानातील काचा विकून रोकड उभी करण्यापेक्षा दोघांनी आधीच एकमेकांच्या जीवनाचा विमा उतरवून त्या रकमेतून वारसांचा हिस्सा चुकता करण्याची तरतूद करावी, हे अधिक शहाणपणाचे. हिश्शाची किंमत कशी ठरवावयाची, तेही करारात असावे. नावलौकिकाची किंमत दुःखाच्या घरात ठरत नाही.

२००८ च्या कायद्याने मर्यादित दायित्वाची भागीदारी उपलब्ध झाली आहे. तीत दुसऱ्याच्या चुकीसाठी स्वतःची मिळकत गुंतत नाही, स्वतःच्या चुकीची जबाबदारी मात्र सुटत नाही.

जो भागीदार जिवंतपणीच बाहेर पडतो, त्याने जाहीर सूचना द्यावी. ती दिली जाईपर्यंत मागे राहिलेल्याच्या कृत्यांबद्दल त्यालाही जबाबदार धरता येते. नोंदलेल्या पेढीच्या बाबतीत ही सूचना निबंधकाकडे पाठवून राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या निदान एका देशी भाषेतील वृत्तपत्रात प्रसिद्ध करावी लागते.