तीन आण्यांचा हिशेब



मी कुणी मोठा पुढारी नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, पुढचं शिक्षण साच्यावर झालं. पण पगाराची चिठ्ठी वाचता येते आणि आण्यापैचा हिशेब मांडता येतो. आज जी गोष्ट सांगायला उभा आहे, तिला एवढीच विद्या लागते.

गोष्ट १९६३ सालच्या ऑगस्ट महिन्यातली. आपल्यातल्या कित्येकांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. आचार्य कृपलानी यांनी लोकसभेत नेहरू सरकारवर अविश्वासाचा ठराव आणला. स्वतंत्र भारताच्या लोकसभेतला असा हा पहिलाच ठराव. चार दिवस चर्चा झाली. त्या चर्चेत डॉक्टर राममनोहर लोहिया बोलायला उभे राहिले. त्याच वर्षी उत्तर प्रदेशातल्या फर्रुखाबादची पोटनिवडणूक जिंकून ते नवेच सभागृहात आले होते. ते बोलले हिंदीत. दिल्लीतला कारभार जनतेच्या भाषेत चालला पाहिजे, असा त्यांचा हट्टच होता.

लोहिया म्हणाले, या देशातली २७ कोटी माणसं रोजच्या तीन आण्यांवर जगतात. आणि पंतप्रधानांवर मात्र रोज २५,००० रुपये खर्च होतात, असा त्यांचा आरोप होता.

बंधूंनो, सोळा आण्यांचा रुपया. तीन आणे म्हणजे एकोणीस नवे पैसे. त्यात खाणं, कापड, भाडं, दवापाणी, सगळं आलं. लोहियांचे दोन्ही आकडे धरून आता तुम्हीच गणित करा. २५,००० रुपयांचे झाले चार लाख आणे. त्याला तीनाने भागा. एका माणसाच्या एका दिवसाच्या खर्चात एक लाख तेहतीस हजार माणसांचा दिवस निघतो !

सभागृहात गदारोळ झाला. पंडित नेहरू म्हणाले, तीन आणे हे खरं नाही, उत्पन्न पंधरा आणे आहे. नियोजनाचं काम पाहणारे मंत्री गुलझारीलाल नंदा यांनी साडेसात आण्यांचा आकडा दिला. हे नंदा गिरणी कामगाराला परके नव्हेत. अहमदाबादच्या मजूर महाजनात त्यांनी उमेदीची वर्षं काढली होती आणि १९४६ नंतर ते मुंबई सरकारात मजूरमंत्री होते.

म्हणजे बघा, देश एक, सरकार एक, आणि आकडे दोन ! मग पंधरा आणे आले कुठून ? ते आले सरासरीतून. ही सरासरी कशी असते ते आपल्या खात्यातच बघा. धरा, दहा माणसं आहेत. नऊ जणांना रोज आठ आणे मिळतात. दहावा साहेब, त्याला मिळतात अठ्ठ्याहत्तर आणे. बेरीज करा, दीडशे आणे. दहाने भागा, माणशी पंधरा आणे ! कागदावर प्रत्येकाला पंधरा आणे मिळाले. घरी मात्र नऊ जणांनी आठच नेले. हिशेब चुकला नाही, पण माणूस चुकला.

मी बदलीवर होतो तेव्हा आमच्या गेटवर एकदा नोटीस लागली होती, कामगारांची सरासरी मजुरी अमुक इतकी. मी एका म्हाताऱ्या जोडीदाराला विचारलं, "काका, एवढी मजुरी कुणाला मिळते हो ?" तो म्हणाला, "त्या नोटिशीला मिळते, पोरा !" त्या महिन्यात मला अकरा दिवस काम मिळालं होतं. बाकीचे दिवस भोंगा ऐकून परत गेलो. ते रिकामे दिवस नोटिशीत कुठेच नव्हते.

आता कुणी म्हणेल, लोहियांचा आकडा कमी होता, त्यावर तेव्हाही वाद झाला. झाला, कबूल. तीन आणे सोडून द्या. मंत्र्यांचेच साडेसात आणे धरू. महिन्याचे होतात चौदा रुपये एक आणा. आणि १९६२ साली तज्ज्ञांच्या गटाने सांगितलं होतं की, माणसाला जगायला महिन्याला कमीत कमी वीस रुपये तरी लागतात. त्यात दवाखाना आणि शाळा धरलेली नव्हती, ती सरकारने द्यायची होती. म्हणजे सरकारचा आकडा खरा मानला, तरी माणूस उपाशीच ठरतो ! लोहियांना खोटं पाडायला आणलेला आकडा त्यांच्याच बाजूने साक्ष देऊन गेला.

ठराव पडला. बाजूने ६२ मतं, विरुद्ध ३४७. सरकारचं काही वाकडं झालं नाही. मग मिळवलं काय ? मिळवलं हे की, "देश पुढे चालला आहे" एवढ्या एका वाक्यावर सरकारची सुटका झाली नाही. गरिबाच्या ताटात रोज किती पडतं, याचं उत्तर पंतप्रधानांना भर सभागृहात द्यावं लागलं, आणि तीन आण्यांची चर्चा देशभर झाली.

मुंबईच्या कामगारालाही त्याच काळात हाच धडा मिळाला. महागाई भत्ता ज्या निर्देशांकावर ठरतो, तो आकडाच खाली धरला जातो, अशी कामगारांची तक्रार होती. लढा झाला, प्राध्यापक लकडावाला यांची समिती बसली, आणि तक्रारीत तथ्य निघालं. कामगार गप्प बसला असता, तर तो आकडा तसाच चालला असता.

म्हणून माझं सांगणं एवढंच. आकड्याला भिऊ नका. गेटवरची नोटीस असो की मंत्र्याचं भाषण, कुणी सरासरी सांगितली की उभं राहून विचारा : वरच्याला किती, खालच्याला किती, आणि ज्याला कामच मिळालं नाही तो यात धरला आहे का ? पगाराची चिठ्ठी फेकू नका, जपून ठेवा. ज्याला वाचता येत नाही त्याला शेजारच्याने वाचून दाखवा. आणि मत मागायला येणाऱ्याला विचारा, आमचा हिशेब तू दिल्लीत मांडणार का ? तिथे विरोधी बाकावर बसलेला एकटा माणूससुद्धा सरकारला जाब विचारू शकतो. फक्त त्याच्या मागे आपण उभं राहिलं पाहिजे.

कामगार एकजुटीचा विजय असो !