नवा चव्हाटा, कायदा आणि आपण

(शेलार, तालुका भिवंडी येथे नवदीक्षित बौद्ध कुटुंबांसमोर केलेले भाषण)



सभेस आरंभ होण्यापूर्वी एका माउलीने मला बाजूस बोलावून आपले गाऱ्हाणे सांगितले. तिच्या मुलाने धम्मदीक्षा घेतल्याचा फोटो व्हॉट्सअॅपच्या एका मोठ्या ग्रुपवर टाकला. त्याखाली एकाने पूर्वीच्या जातीचे नाव घेऊन अभद्र मजकूर लिहिला. मुलगा संतापला. घरातील वडीलधारी म्हणाली, "फोटो काढून टाक, ग्रुप सोड. उद्या त्यांच्याच यंत्रमागावर कामाला जावयाचे आहे." त्या माउलीने मला दोन प्रश्न विचारले. मोबाईलवर लिहिलेल्या शिवीला कायदा लागतो काय? आणि आम्ही आता बौद्ध झालो, तेव्हा तो कायदा आम्हांस राहिला काय? मी दुसऱ्या विषयावर बोलावयाचे योजून आलो होतो; परंतु या दोन प्रश्नांची उत्तरे देणे हेच आजचे कर्तव्य होय असे मला वाटते.

प्रथम थोडे मागे वळून पाहू. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांस खुले असल्याचे ठरविले होते. तरीही २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी घेतले तेव्हा आपल्या माणसांची डोकी फुटली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात स्पृश्यांनी दिवाणी न्यायालयात जाऊन तळे सार्वजनिक नाही असा दावा लावला व तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. बाबासाहेबांनी ठरलेला सत्याग्रह थांबविला आणि लढा न्यायालयात नेला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. दहा वर्षे लागली. त्या सर्व वादाचा गाभा एकच होता: सार्वजनिक जागा कोणती, आणि तेथे मानाने उभे राहण्याचा हक्क कोणाचा?

बंधूंनो, आज तोच प्रश्न मोबाईलच्या पडद्यावर उभा आहे. पूर्वी गावचा चव्हाटा पिंपळाच्या पारावर होता. आज तो खिशात आला आहे. तेथे झालेला अपमान चव्हाट्यावरचा अपमान आहे काय, हे न्यायालये ठरवीत आहेत.

आता माउलीचा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तो अनेकांच्या मनात भीती घालतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचे स्थान आरंभी मुख्यतः हिंदूंपुरते ठेवले होते. १९५६ साली त्यात शीख आले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षा घेतलेल्या आपल्या लक्षावधी लोकांना मात्र केंद्राच्या त्या सवलतींसाठी चौतीस वर्षे वाट पहावी लागली. १९९० साली संसदेने कायद्यात दुरुस्ती केली आणि बौद्धांचा समावेश झाला. म्हणून अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्या माणसास १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण आहे. दीक्षेने आपण जात मनातून टाकली. शिवी देणाऱ्याने ती टाकलेली नाही. कायदा त्याच्या कृत्याकडे पाहतो. तेव्हा "बौद्ध झालात, आता तक्रार कसली?" असे कोणी म्हणाल्यास त्यास १९९० ची दुरुस्ती दाखवा, आणि जातीचे दाखले घरात जपून ठेवा.

आता पहिला प्रश्न. या कायद्याच्या तिसऱ्या कलमानुसार, जो स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नाही अशा इसमाने आपल्या माणसास लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी हेतुपुरस्सर अपमानित केले किंवा जातीच्या नावाने शिवी दिली, तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद व दंड होतो. २०१५ च्या दुरुस्तीनंतर लेखी शब्दांनी आपल्याविरुद्ध द्वेष पसरविणे आणि आपल्या वंदनीय दिवंगत व्यक्तींचा अनादर करणे, हेही त्यात स्पष्टपणे आले आहे. २०२२ साली केरळ उच्च न्यायालयापुढे यूट्यूबवरील एका चित्रफितीचे प्रकरण आले. तीत एका आदिवासी स्त्रीचा अपमान केल्याचा आरोप होता. आरोपीचे म्हणणे असे, की ती बाई तेथे समोर हजर नव्हती. न्यायालयाने त्यास अटकपूर्व जामीन नाकारला आणि सांगितले, की इंटरनेटवरील मजकूर जेव्हा जेव्हा उघडला जातो, तेव्हा तेव्हा ती व्यक्ती तेथे हजर आहे असेच मानावे लागेल. तो निर्णय आपल्या उच्च न्यायालयास बंधनकारक नाही. तथापि आपल्या वकिलास तो आधार म्हणून मांडता येतो.

परंतु अर्धे सत्य सांगून मी आपणांस फसविणार नाही. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की चार भिंतींच्या आत, बाहेरचा साक्षीदार नसता झालेले बोलणे या कलमात बसत नाही. म्हणून दोघांतील खाजगी संदेश आणि शेकडो लोकांचा ग्रुप यांत फरक पडतो. पुढे २३ ऑगस्ट २०२४ रोजी केरळातीलच दुसऱ्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने स्पष्ट केले, की आपल्यापैकी कोणाचा झालेला प्रत्येक अपमान हा या कायद्याखालील गुन्हा नव्हे. अपमान जातीमुळे झाला हे दिसले पाहिजे. तेव्हा उधारीच्या भांडणात हा कायदा ओढू नका. ज्या दिवशी तो खरोखर लागेल, त्या दिवशी त्याची धार बोथट झालेली असेल.

मग त्या मुलाने काय करावे? घरची माणसे म्हणतात तसे पुसून टाकू नये. तो मजकूर हाच पुरावा आहे. लिहिणाऱ्याचे नाव, नंबर, तारीख व वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यावेत, मूळ संदेश ठेवावा, ज्यांनी तो वाचला त्यांची नावे लिहून ठेवावीत आणि तो मोबाईल विकू किंवा बदलू नये. हे मी का सांगतो? जालना येथील विधानसभा निवडणुकीच्या वादात कॅमेऱ्याच्या चित्रणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ जुलै २०२० रोजी न्यायालयाने ठरविले, की मूळ यंत्र त्याच्या मालकाने स्वतः साक्षीच्या वेळी हजर केले तर वेगळे प्रमाणपत्र लागत नाही. केवळ नक्कल दिली तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र जोडावेच लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष कायद्यातही प्रमाणपत्राचा नियम कायम आहे. मूळ फोन जपणे याचे मोल आता आपल्या ध्यानी आले असेल.

त्यानंतर पोलीस ठाणे. हद्दीचा वाद घालून कोणी परत पाठवू लागल्यास सांगा, की नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे हद्द कोणतीही असो, खबर नोंदवून घ्यावी लागते. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्हा नोंदविण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची अट नाही. २०१८ ची ती दुरुस्ती १० फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरविली. आणि जाणूनबुजून कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकास याच कायद्याच्या चौथ्या कलमात शिक्षा आहे. मजकूर फेसबुक किंवा यूट्यूबवर असेल तर त्या कंपनीकडेही तक्रार करा. २०२१ च्या नियमांनी प्रत्येक मोठ्या कंपनीस तक्रार निवारण अधिकारी नेमणे भाग पाडले आहे. त्याच्या निर्णयाने समाधान न झाल्यास ३० दिवसांत शासननियुक्त अपील समितीकडे जाता येते.

भगिनींनो व बंधूंनो, येथवर मी कायद्याचा आपणांस राखणारा हात दाखविला. कायद्यास दुसराही हात आहे; तो तोंड दाबतो. तो फार दूर नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये, तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघर येथे, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद का, असा प्रश्न एका तरुणीने फेसबुकवर लिहिला. तिच्या मैत्रिणीने तो पसंत केला. दोघींस अटक झाली. लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ हे कलम होते. पुढे तो खटला बंद झाला, आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरविले. त्याचे शब्द इतके मोघम होते, की कोणास काहीही त्रासदायक वाटले तरी लिहिणारा तुरुंगात जावा. रद्द झाल्यावरही कित्येक ठिकाणी पोलीस ते लावीत राहिले, म्हणून १२ ऑक्टोबर २०२२ रोजी न्यायालयास पुन्हा आज्ञा द्यावी लागली.

हे मी का सांगतो? आपण बावीस प्रतिज्ञा लिहिल्या तर काहींना त्या त्रासदायक वाटतात. जुन्या देवांची पूजा का सोडली हे लिहिले तर काहींच्या भावना दुखावतात. मोघम कायद्याचा पहिला फटका बहुधा दुबळ्यावरच बसतो. म्हणून "इंटरनेटवर कडक बंदी घाला" अशी मागणी आपण आंधळेपणाने करू नये. जातीय अपमानास शिक्षा हवी आणि मतास स्वातंत्र्य हवे. घटनेच्या एकोणिसाव्या व सतराव्या अनुच्छेदांनी बाबासाहेबांच्या पिढीने ही दोन्ही आपल्या हाती दिली आहेत.

शेवटी स्वतःकडे पाहू. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितले, की ग्रुपमधील दुसऱ्याच्या मजकुराबद्दल केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही. त्यात त्याचा समान हेतू असला पाहिजे. कायद्याची जबाबदारी येथे संपते. बौद्धाची संपत नाही. असत्यापासून दूर राहणे हे आपले चौथे शील आहे आणि सम्यक वाणी हे अष्टांगिक मार्गाचे अंग आहे. खातरजमा न करता पुढे पाठविलेली अफवा, रागाच्या भरात उलट दिलेली शिवी, यांनी शील मोडते आणि खटलाही मोडतो. कारण आरोपीचा वकील प्रथम तुमचेच उत्तर वाचून दाखवील.

त्या माउलीस माझे उत्तर असे. आई, मुलाला फोटो काढावयास सांगू नकोस. उलट शिवी देऊ नको, एवढेच सांग. मजकूर जपून ठेवा, उद्या सकाळी चार शहाणी माणसे बरोबर घेऊन पोलीस ठाण्यात जा. रोजीची भीती खरी आहे, ती मी हलकी मानीत नाही. म्हणूनच मुलाला एकटे पाठवू नका. हे काम येथे बसलेल्या सर्वांचे आहे. महाडला बाबासाहेबांबरोबर हजारो माणसे तळ्यापर्यंत चालत गेली होती. उद्या या मुलाबरोबर चौघे-पाचजण तरी चालत जातील काय, एवढेच मी आपणांस विचारतो.

नमो बुद्धाय! जय भीम!