गाडीला नवा साज, विम्याला नवा प्रश्न

विवेकानंद जयंतीच्या उत्सवाला बुलडाणा जिल्ह्यातल्या हिवरा आश्रमात आलेल्या गाड्यांकडे नजर टाका. एमएच २८ पासिंगच्या कितीतरी गाड्या शोरूममधून निघाल्या तशा राहिलेल्या नसतात. कुणी रुंद टायर बसवलेले, कुणी मागे जादा बाक जोडलेले, कुणी बाहेरून सीएनजी किट लावलेलं.

सीएनजी किटला बंदी नाही. किट मान्यताप्राप्त हवं, बसवल्यावर १४ दिवसांत बुलडाण्याच्या आरटीओला कळवून आरसीवर नोंद करायची आणि विमा कंपनीलाही सांगायचं. किटच्या किमतीच्या साधारण ४ टक्के जादा हप्ता पडतो. चाळीस हजारांच्या किटला वर्षाला सोळाशे रुपये, वर थर्ड पार्टीचे थोडे. एवढे वाचवायला गेलेला माणूस गाडी जळाल्यावर दावा नामंजूर झाल्याचं पत्र हातात धरून बसतो. महागड्या म्युझिक सिस्टिमचंही तसंच; पॉलिसीत नोंद नसेल तर चोरीनंतर तिची भरपाई मागू नका.

जादा बाकांचं प्रकरण मात्र गंभीर. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, कंपनीनं ठरवलेली, आरसीतली मूळ रचना बदलता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. अशा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

उलट, पुण्याच्या एआरएआय संस्थेनं मान्य केलेलं चोरीरोधक यंत्र बसवलं, तर हप्त्यात थोडी सूटही मिळते.

तेव्हा गॅरेजवाल्याला पैसे देण्याआधी विमा एजंटला फोन करा, आणि मिळालेलं उत्तर लेखी घ्या.