पडवीतली मोटार



बेळगावला टिळकवाडीत माझ्या मामांचे जुने कौलारू घर आहे. त्या घराच्या मागल्या पडवीत तेवीस वर्षे एक मोटार उभी होती. 'उभी होती' हे म्हणणे तितकेसे खरे नव्हे. चारही टायरांतली हवा गेल्यामुळे ती म्हशीसारखी बसकण मारून बसली होती आणि तिच्या टपावर सरपण रचण्याची घरात वहिवाटच पडून गेली होती. 1960 सालची ती फियाट 1100. पुढची दारे उलट्या बाजूने उघडणारी आणि नाक पुढे काढलेली. लोक जिला 'डुक्कर फियाट' म्हणतात तीच ही. मुंबईस कुर्ल्याला, वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कारखान्यातून ती बाहेर पडली. मामांनी ती 1971 साली कोणाकडून तरी विकत घेतली, तिच्यातून सत्तावीस वर्षे कोर्टात गेले, आणि 1998 च्या पावसाळ्यात पडवीत लावली ती लावलीच.

2021 साली मी शाळेतून निवृत्त झालो. त्या सुमारास मामा एकदा सहज म्हणाले, "तिच्यात बसून येळ्ळूरच्या गडापर्यंत एकदा जाऊन यावं, असं फार वाटतं." मामांचे वय तेव्हा चौऱ्याऐंशी. मी जन्मभर इतिहास शिकवला. यंत्रांशी माझा संबंध सायकलच्या पंपापलीकडे गेलेला नव्हता. तरीही मी म्हणालो, "मामा, गाडी मी सुरू करून देतो." 'सुरू करून देतो' या शब्दांतच माझी चूक दडलेली होती, हे मला फार उशिरा कळले.

नवशिक्या माणसाला जुनी मोटार दिसली की त्याच्या मनात एकच इच्छा उत्पन्न होते: हिचे इंजिन एकदा धडधडले पाहिजे. माझेही तेच झाले. मामांच्या वाढदिवशी त्यांना चकित करावे म्हणून मी नवी बॅटरी आणली, टायरांत हवा भरली, शेजारच्या चौघा मुलांच्या मदतीने गाडी ढकलत अंगणात आणली आणि कार्बोरेटरमध्ये थोडे पेट्रोल ओतले. क्लच दाबून स्टार्टर दिला. पाचव्या खेपेस इंजिनाने पेट घेतला आणि त्याच क्षणी गाडी पुढे झेपावली. ती गिअरमध्ये होती. आणि क्लच मी दाबला होता खरा, परंतु त्याची तबकडी इतक्या वर्षांत गंजाने फ्लायव्हीलला चिकटून बसली होती. मी जिवाच्या आकांताने ब्रेक दाबला. पेडल लोण्यात बोट जावे तसे तळापर्यंत गेले. समोर मामा काठी टेकून उभे होते. त्यांना मुलांनी ओढले म्हणून बरे. गाडी त्यांच्यापासून दोन हातांवर फणसाच्या बुंध्यावर आदळून थांबली.

त्यानंतर पंधरा दिवस मी पडवीकडे फिरकलो नाही. शेवटी मामांनीच एका वृद्ध मिस्त्रीला बोलावणे पाठवले. हा गृहस्थ चाळीस वर्षे फियाटवरच हात काळे करीत आलेला. त्याने बॉनेट उघडलेच नाही. तो पहिल्यांदा गाडीखाली शिरला. बाहेर येऊन मला म्हणाला, "मास्तर, आधी थांबायचं बघा की हो. पळायचं मागनं."

ते थांबायचे म्हणजे काय, हे मी त्याच्या हाताखाली शिकलो. या गाडीचे ब्रेक तेलाच्या दाबावर चालतात. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील तेल नळ्यांतून चारही चाकांकडे ढकलले जाते. आजच्या मोटारींत या नळ्यांचे दोन स्वतंत्र मार्ग असतात. एक निकामी झाला तरी दुसरा निम्मा ब्रेक लावतो. 1960 च्या या गाडीत मार्ग एकच. एका चाकाशी गळती झाली की चारही ब्रेक गेले. शिवाय ब्रेकचे तेल हवेतले पाणी शोषून घेते, आणि बेळगावच्या पावसाळ्यात पाण्याला काय तोटा? ते पाणी सिलिंडरच्या आतल्या भिंतीला खड्डे पाडते. नवशिका माणूस बाजारातून रबरी वॉशर आणतो, बसवतो आणि खूश होतो. ते खड्डे नवे रबर महिन्याभरात कापून टाकतात. म्हणून आम्ही सारे सिलिंडर काढून उद्यमबागेत नेले आणि तेथल्या एका लेथवर त्यांना आतून नवे अस्तर बसवून घेतले. आमच्या गावात ओतशाळा आणि लेथ यांची वाण नाही, हे माझे मोठे भाग्य. नळ्या मात्र सगळ्या नव्या घातल्या. जाता जाता सांगतो, हे तेल रंगावर सांडू देऊ नका. माझ्या हातून सांडले. डाव्या मडगार्डावरचा रंग पापुद्र्यासारखा सुटला.

मिस्त्रीचे दुसरे शस्त्र म्हणजे एक जुना स्क्रू ड्रायव्हर. तो घेऊन तो तळाच्या पत्र्यावर ठिकठिकाणी टोचत राही. मला हा वेळेचा अपव्यय वाटे. पत्रा काय, केव्हाही बदलता येईल. पण ही मोटार 1953 साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात प्रथम मांडली गेली, तेव्हा तिचे वैशिष्ट्यच हे होते की तिला वेगळी चासी नाही. तिच्या आधीच्या फियाट 1100 ला होती. हिचा तळ, दारांखालच्या पोकळ पट्ट्या आणि खांब हेच तिचा सांगाडा. तेव्हा दाराखालचा पत्रा कुजला याचा अर्थ घराचा रंग उडाला असा नसून तुळई वाळवीने खाल्ली असा आहे. उजव्या बाजूला स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. सहा महिने त्या पत्राकामात गेले. त्यांचे वर्णन करून मी आपल्याला कंटाळा आणणार नाही.

इंजिन उघडले तेव्हा माझ्या वाढदिवसाच्या पराक्रमाचा हिशेब हाती आला. 1089 घनसेंटिमीटरचे ते चार सिलिंडरांचे इंजिन. तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवर गंजाचे कडे बसले होते; त्यावरून पिस्टन जोराने फिरल्यामुळे रिंगा तुटल्या आणि त्यांच्या तुकड्यांनी भिंत ओरबाडून काढली. मिस्त्री म्हणाला, प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडले असते, दोन दिवस थांबले असते, आणि मग हाताने इंजिन हळूहळू फिरवून पाहिले असते, तर कदाचित एवढे झाले नसते. दोन दिवसांची ती बाब! त्याऐवजी चारही सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन घालावे लागले. बिलाचा आकडा मी मामांना सांगितला नाही. पण ते वकील आहेत. पावती त्यांनी शोधून काढलीच.

सुटे भाग मिळण्याची मला मोठी धास्ती होती. ती बऱ्याच अंशी निराधार ठरली. याच इंजिनाची परंपरा पुढे पद्मिनीने विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालवली आणि मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींनी ती 2023 च्या ऑक्टोबरपर्यंत रस्त्यावर ठेवली. त्यामुळे पिस्टन, रिंगा, गॅस्केट अजून मिळतात. दाराच्या मुठी आणि दिव्यांच्या चकत्या मात्र मिळत नाहीत; त्या जपा. पेट्रोलच्या टाकीत लाल गाळ निघाला, तो धुऊन काढला. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. म्हणून नळ्या आणि पंपाचा पडदाही नव्या जातीच्या रबराचा घातला.

कागदपत्रांचा प्रश्न उरला. पन्नास वर्षांवरील मोटारींसाठी सरकारने 2021 साली निराळी नोंदणी सुरू केली आहे. ती घेतली की गाडीला जुन्या वारशाचा मान मिळतो, पण मग प्रदर्शन, मिरवणूक, दुरुस्ती अशाच कारणांपुरती ती रस्त्यावर आणता येते. मामांना येळ्ळूरला जावयाचे होते, प्रदर्शनाला नव्हे. आम्ही साधी नोंदणीच नूतन करून घेतली. त्यासाठी अधिकाऱ्याने गाडी तपासली तेव्हा त्याने पहिल्यांदा ब्रेक दाबून पाहिला, आणि मिस्त्रीने माझ्याकडे नुसते पाहिले.

2023 च्या डिसेंबरात एका रविवारी सकाळी आम्ही निघालो. मामांना आता नीट दिसत नाही, म्हणून ते माझ्या डाव्या हाताला बसले. वाटेत ते काही बोलले नाहीत. डोळे मिटून इंजिनाकडे कान लावून होते. गडाचा चढ लागला तशी मी गिअर बदलण्याच्या विचारात होतो, तोच ते म्हणाले, "दुसरा टाक. ती मागते आहे." मी दुसरा टाकला. वर पोचल्यावर त्यांनी दार उघडून काठी बाहेर टेकली, आणि उतरण्यापूर्वी मला विचारले, "आपण किती वेगाने आलो?"

ते मला सांगता आले नाही. स्पीडोमीटर अजून चालत नाही. त्याची केबल मुंबईहून यावयाची आहे.